चाळकेवाडीचा वारा आणि विहिरीचें पाणी

आमच्या कुटुंबाची साडेचार एकर जमीन सांगली जिल्ह्यांत, कवठेमहांकाळ तालुक्यांत, ढालगांवच्या बाजूस आहे. वडील बंधूंच्या मागें ती आमच्या वहिनी आणि पुतण्या पाहतात. दीड एकर द्राक्षबाग, बाकी ज्वारी व मका. या जमिनींतील विहिरीवर सूर्यशक्तीनें चालणारा पंप बसवावा कीं नाहीं, यावरून घरांत गेलें वर्षभर वाद चालला होता. पुतण्याचा आग्रह बसवावाच असा, वहिनींचा तितकाच ठाम विरोध. विजेची जोडणी नसलेल्या शेतकऱ्यास दहा टक्के रक्कम भरून असा पंप मिळावा, अशी योजना सरकारनें २०२४ मध्यें काढली. परंतु आमच्या विहिरीस जोडणी पूर्वींपासूनच असल्यामुळें ती सवलत आम्हांस लागू नव्हती. म्हणजे बँकेचें कर्ज काढणें आलें, आणि कर्ज म्हटलें कीं घरांतील सर्वांनाच मत असतें. शेवटीं, वयानें वडील मीच उरलों असल्यामुळें, निर्णय माझ्याकडे आला. आयुष्यभर मुलांना शब्दांचीं रूपें आणि संधि शिकविलेल्या माणसानें पंपाचा निवाडा करावा, ही गोष्ट हास्यास्पद खरी. परंतु एकत्र कुटुंबांत ज्ञानापेक्षां वयाला मान अधिक, त्याला इलाज नाहीं.

विषय समजल्याशिवाय मत देऊं नये, ही मास्तरकीची जुनी खोड. सुदैवानें माझा एक विद्यार्थी विजेचा अभियंता आहे. कारखान्यांत, पाणीपुरवठ्याच्या केंद्रांत, शेतांत जाऊन वीज कोठें किती खर्च होते आणि त्यांतील वायां किती जाते, हें मोजून देणें हाच त्याचा व्यवसाय. असा कांहीं धंदा असूं शकेल, हें आमच्या तरुणपणीं कोणाच्या ध्यानींमनींही आलें नसतें. २००१ मध्यें केंद्र सरकारनें ऊर्जासंरक्षणाचा कायदा केला, दुसऱ्याच वर्षीं त्यासाठीं दिल्लीस स्वतंत्र कार्यालय स्थापन झालें, आणि जमाखर्च तपासणाऱ्या हिशेबनिसाप्रमाणें विजेचा हिशेबनीसही अस्तित्वांत आला. मीं त्याला पत्र घातलें. त्याचें उत्तर आलें: "सर, आषाढांत मी चाळकेवाडीच्या पठारावर कामासाठीं येणार आहें. आधीं तेथें या. वीज कशी येते तें पाहा, मग ती कशी जाते तें पाहूं."

त्याप्रमाणें आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यांत साताऱ्यास उतरलों. बोगदा ओलांडून ठोसेघरच्या रस्त्यास लागलें कीं वाटेंत सज्जनगड येतो. समर्थांनीं याच सातारा, सांगली, कोल्हापूरच्या मुलखांत अकरा मारुति स्थापिले. चाफळ, मसूर, उंब्रज हे इकडचे, तर बहे-बोरगांव आणि शिराळा हे सांगलीकडचे. वायुपुत्राचीं इतकीं ठाणीं जेथें, नेमक्या त्याच प्रदेशांत पुढें वाऱ्याचीं यंत्रें उभीं राहावींत, हा योगायोग माझ्यासारख्यास सुचल्यावांचून कसा राहणार? विद्यार्थ्याला तो बोलून दाखविला, तेव्हां तो नम्रपणें म्हणाला, "सर, मारुतीला नमस्कार आहेच, पण आमच्या धंद्यांतील लोक ॲना मणींचेंही नांव घेतात."

ॲना मणी (१९१८–२००१) या हवामानशास्त्रज्ञ बाई. पुण्याच्या वेधशाळेंत हवामानाचीं उपकरणें देशांतच तयार करविण्यांत त्यांचीं उमेदीचीं वर्षें गेलीं. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेस निघतात. या बाईंनीं देशभर जागोजागीं वारा मोजविण्याचें काम अंगावर घेतलें, आणि १९८३ मध्यें भारतांतील वाऱ्याच्या मोजमापांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. वारा जोराचा आहे, हें डोंगरावरील गुराख्यालाही ठाऊक असतें. परंतु किती जोराचा, कोणत्या महिन्यांत, जमिनीपासून किती उंचीवर, हें कळल्याशिवाय तेथें कोणी पैसा घालीत नाहीं. याचें कारणही त्यानें सांगितलें. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यांतील शक्ति दुप्पट होत नाहीं, आठपट होते; ती वेगाच्या घनाच्या प्रमाणांत असते. म्हणून मोजतांना वेगांत दहांत एकाची चूक झाली, तर शक्तीच्या अंदाजांत सुमारें एक-तृतीयांशाची चूक पडते. व्याकरणांत इतकी महाग चूक मीं कधीं पाहिली नाहीं.

बोरणे घाट चढून, ठोसेघरच्या धबधब्याचा आवाज मागें टाकून पठारावर पोंचलों, तेव्हां सकाळचे दहा वाजले असतील. पण वेळ सांगणारें आकाशच नव्हतें. चाळकेवाडीचें पठार म्हणजे दूरवर पसरलेला जांभ्या दगडाचा सडा. मातीचा थर वीतभर, कोठें तोही नाहीं. धुकें इतकें दाट कीं वीस पावलांवरील माणूस दिसेना. मीं छत्री उघडली आणि तिचा तत्काळ उलटा द्रोण झाला. मग डोक्यावर कोठेंतरी एक दीर्घ सुस्कारा, क्षणभर विराम, पुन्हां सुस्कारा, असा आवाज ऐकूं येऊं लागला. एकाएकीं धुकें फाटलें, आणि एक प्रचंड पांढरें पातें आकाशांतून खालीं येऊन पुन्हां वर नाहींसें झालें. मागोमाग दुसरें. खांब दिसत नव्हता, कांहींच दिसत नव्हतें. नुसतीं पातीं येत होतीं आणि जात होतीं. मी दोन पावलें मागें सरलों, हें कबूल केलें पाहिजे.

यंत्राच्या पायथ्याशीं असलेल्या लहानशा खोलींत चहा घेतांना त्यानें मला बाकीची माहिती दिली. सेकंदाला तीन-चार मीटर वेग असल्याशिवाय हीं यंत्रें वीज देत नाहींत, आणि वेग पंचविसाच्या आसपास गेला कीं स्वतःच पातीं वळवून थांबतात. फार जोराचा वारा त्यांनाही सोसत नाहीं. जर्मनींतील आल्बर्ट बेट्झ या शास्त्रज्ञानें शंभर वर्षांपूर्वींच सिद्ध केलें आहे कीं, कितीही उत्तम चाक बनविलें तरी वाऱ्यांतील शक्तीपैकीं सोळा-सत्तावीसांश, म्हणजे शेंकडा एकोणसाठाहून किंचित् अधिक, एवढीच हातीं लागूं शकते. सगळीच काढून घेतली तर वारा चाकामागें थबकेल आणि मागून येणाऱ्या वाऱ्यास वाटच राहणार नाहीं.

त्याचें त्या दिवसांचें काम निराळेंच होतें. या भागांत पहिलीं यंत्रें आलीं तीं १९९० नंतरच्या दशकांत. तीं लहान. वनकुसवड्यास तेव्हां बसलेलीं अनेक यंत्रें साडेतीनशें किलोवॅटचीं होतीं, आणि हल्लींचीं दोन-तीन हजार किलोवॅटचीं असतात. पण आधीं आल्यामुळें उत्तम वाऱ्याच्या जागा त्या लहान यंत्रांनीं अडविल्या आहेत. तीं काढून त्यांच्या जागीं थोडीं व मोठीं यंत्रें बसवावींत, असें धोरण केंद्र सरकारनें २०१६ मध्यें आंखलें, २०२३ मध्यें सुधारलें. पण मालक पुष्कळ, जमिनीचे करार जुने, आणि जें फिरतें आहे तें उतरविण्यास मन होत नाहीं. तें ऐकून मला हसूं आलें. ओसरीवरील उत्तम वाऱ्याची जागा अडवून बसलेले जुने यंत्र आमच्याही घरांत एक आहे, आणि तें हा लेख लिहीत आहे.

येथें एका जुन्या समजाची आठवण झाली. २००३ च्या सुमारास महाराष्ट्रांत दुष्काळ पडला, तेव्हां या पवनचक्क्या ढग पळवितात, म्हणून पाऊस पडत नाहीं, अशी समजूत आमच्या ढालगांवच्या बाजूस जोरांत पसरली होती. तिकडेही डोंगरावर पवनचक्क्या आहेत. आमच्याच घरांत गड्यांपासून वडील बंधूंपर्यंत सर्वांचा तिजवर विश्वास होता. आणि खरें सांगावयाचें तर, मीही तिला ठामपणें नाहीं म्हटलें नव्हतें. वास्तविक पातें फार तर शे-दीडशें मीटर उंच जातें, आणि पाऊस देणारा ढग कित्येक हजार मीटरांपर्यंत चढलेला असतो. महाबळेश्वरास वर्षाकाठीं पांच-साडेपांच हजार मिलिमीटर पाऊस, आणि तोच वारा सह्याद्रि उतरून आमच्या तालुक्यांत येईतों पांचशेंच्या आसपास. हा भेद पवनचक्क्यांच्या जन्माआधीं युगानुयुगें चालत आलेला आहे. मेघाला वाट सांगणाऱ्या यक्षाला तो ठाऊक असता, तर त्यानें आमच्या बाजूस निरोप पाठविण्याचें धाडस केलें नसतें.

"मग या यंत्रांनीं कांहींच अपाय होत नाहीं, असें म्हणावें काय?" मीं विचारलें. तो म्हणाला, "तसेंही नाहीं, सर," आणि त्यानें एक हकीकत सांगितली, ती मला साऱ्या प्रवासांत अपूर्व वाटली. चाळकेवाडीच्या या कातळावर एक सरडा राहतो. नराच्या गळ्याखालीं निळ्या, काळ्या व नारिंगी रंगांचा पंखा असतो. उन्हाळ्यांत तो उलगडून दाखवितो, आषाढांत दर्शन देत नाहीं. २०१६ मध्यें शास्त्रज्ञांनीं त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, आणि त्याच्या कुळास नांव दिलें तें आपल्या मराठींतील 'सरडा' हेंच. संस्कृत 'सरट' शब्दापासून निघालेला आपला हा घरगुती शब्द जगाच्या प्राणिशास्त्रांत जाऊन बसला, याचा मला अकारण अभिमान वाटला. पुढें बंगळूरच्या भारतीय विज्ञानसंस्थेंतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं याच पठारावर पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना करून २०१८ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केला. पवनचक्क्यांच्या भागांत ससाण्यासारखे शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनें कमी. त्यामुळें सरडे पुष्कळ. भिववणारें कोणी न उरल्यामुळें ते निर्भय झालेले, माणूस अगदीं जवळ येईतों न हलणारे. पण गर्दीमुळें अंगानें रोडावलेले आणि रंगानेंही फिकटलेले. पाऊस पळाला ही लोकांची समजूत चुकीची होती. पण पठारावरून कांहींतरी पळालें होतें, तें आकाशांतील घारी-ससाण्यांचें राज्य. तें कळावयास कोणाला तरी उन्हांत बसून सरडे मोजावे लागले.

दुसऱ्या दिवशीं पाटण तालुक्यांतील वनकुसवड्याच्या पठारावर गेलों. समुद्रसपाटीपासून सुमारें साडेअकराशें मीटर उंच असें हें पठार कोयनेच्या जलाशयावर ओणवें झालेलें आहे. दुपारीं ढग विरळ झाले आणि खालीं शिवाजीसागराचें करडें पाणी दिसलें. वर वारा, खालीं पाणी. एका दृष्टिक्षेपांत दोन्ही वीजघरें. कोयनेची वीज १९६२ पासून टप्प्याटप्प्यानें सुरू झाली, आणि आज सर्व टप्पे मिळून तिची शक्ति सुमारें १९६० मेगावॅट आहे. पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचें पाणी डोंगर फोडून पश्चिमेस नेलें आहे. पोफळीच्या बाजूस डोंगराच्या पोटांतील यंत्रांवर तें पावणेपांचशें मीटरांच्या आसपास खालीं कोसळतें. दरवर्षीं साडेसदुसष्ट अब्ज घनफूट पाणी असें पश्चिमेस नेण्याची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादानें दिलेली आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनानगर भूकंपानें हादरलें, माणसें मेलीं, धरण उभें राहिलें. आणि ज्यांचीं गांवें या पाण्याखालीं गेलीं, त्यांतील कित्येक कुटुंबें जमिनीच्या हक्कासाठीं पुढें पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत राहिलीं. मुंबई-पुण्याचे दिवे लागले, ते कोणाच्या चुली विझून लागले, हें त्या पाण्याकडे पाहतांना विसरतां येत नाहीं.

"येथें आमच्या धंद्यांतील खरी अडचण दिसते," तो म्हणाला. "वारा भरभरून वाहतो तो जून ते सप्टेंबर. शेतकऱ्याला पंप चालवावयाचा असतो तो माघापासून वैशाखापर्यंत. धरणांतील पाणी राखून ठेवतां येतें, वारा राखतां येत नाहीं." म्हणून वारा आहे तोंवर धरणाचें पाणी वांचवावें, आणि वारा पडला कीं पाणी सोडावें, असा हिशेब वीजमंडळींतील लोक बसवीत असतात. याच्याही पुढें जाऊन, वीज जास्त असेल तेव्हां खालचें पाणी वरच्या तळ्यांत चढवावयाचें आणि कमी असेल तेव्हां खालीं सोडावयाचें, अशीही युक्ति आहे. घाटघर येथें २५० मेगावॅटचें असें केंद्र २००८ पासून आहे. त्यांत शंभर युनिट खर्चून पाऊणशेंच्या आसपास परत मिळतात. पंचवीस टक्के कसर घेणाऱ्या सावकाराकडे ठेव ठेवण्यासारखा हा व्यवहार. पण ज्या वेळीं हवी त्या वेळीं मिळते, ही त्याची किंमत.

तेथून आम्हीं दोघांनीं सातारा स्टेशनवर गाडी धरली. या मार्गावर किर्लोस्करवाडी लागते. पूर्वीं या स्टेशनचें नांव कुंडल रोड. निवडुंग आणि साप यांच्या या माळावर १९१० मध्यें लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानच्या अधिपतींच्या आश्रयानें कारखाना घातला. त्यांच्या लोखंडी नांगरानें जमिनीला विष चढतें, अशी तेव्हां शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले थोडेसे नांगर खपावयास दोन वर्षें गेलीं, हें आमच्या पिढीनें शाळेंत ऐकलेलें. ढग पळविणाऱ्या पवनचक्क्या आणि विष पेरणारा नांगर यांत शंभर वर्षांचें अंतर असलें, तरी गाडी फलाटावर दोन मिनिटें उभी होती तेवढ्यांत मला तें फारसें वाटलें नाहीं. पुढें याच ठिकाणीं पंप होऊं लागले, आणि आज हें गांव पंपांसाठींच ओळखलें जातें.

पंपांचा विषय निघाला तेव्हां त्यानें खिशांतील कागदावर एक आंकडा लिहून माझ्या हातीं दिला: ३६७. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी, ३६७ मीटर उंच चढवावयास, कांहींही वायां गेलें नाहीं असें धरल्यास, बरोबर एक युनिट वीज लागते. हाच हिशेब उलटा केला तर कोयनेचें तेवढेंच पाणी पोफळीस पहिल्या उडींत एक युनिटाहून थोडी अधिक वीज देतें. म्हणजे साताऱ्याकडे पाणी खालीं टाकून वीज मिळवावयाची, आणि सांगलीकडे वीज खर्चून पाणी वर चढवावयाचें! टेंभू, ताकारी, म्हैसाळ या तिन्ही उपसा योजना कृष्णेचें पाणी टप्प्याटप्प्यानें उचलून आमच्यासारख्या कोरड्या तालुक्यांस पोंचवितात. म्हैसाळचें पाणी आमच्या तालुक्यांत आलें, तेव्हां म्हाताऱ्यांनीं कालव्यांत नारळ सोडले होते. पुढें विजेचीं बिलें थकलीं कीं पंप बंद पडत, आणि कालवा असूनही तो कोरडा, असे दिवस आम्हीं पाहिले आहेत. बिलाचे ८१ टक्के सरकारनें आणि १९ टक्के शेतकऱ्यांनीं द्यावयाचे, असा तोडगा मागाहून निघाला. आतां जत तालुक्यांत सूर्यशक्तीचा मोठा प्रकल्प उभारून म्हैसाळच्या पंपांस वीज द्यावयाची, असेंही ठरलें आहे. आमच्या शेतास त्या कालव्याचें पाणी थेट पोंचत नाहीं. विहीर मात्र त्याच्या झिरप्यानें थोडी सुधारली आहे.

सांगलीस एक रात्र राहून शेतावर गेलों. आषाढ असूनही त्या बाजूस पाऊस नांवालाच होता. बेदाण्याचें शेड रिकामें उभें होतें. तासगांव, कवठेमहांकाळकडील हीं शेडें ज्यांनीं पाहिलीं नसतील त्यांना सांगावयाचें म्हणजे, वर छप्पर, बाजू मोकळ्या, आणि आंत तारेच्या जाळीचे एकावर एक मजले. फाल्गुन-चैत्रांत द्राक्षें क्षाराच्या आणि तेलाच्या द्रावणांतून काढून या जाळ्यांवर पसरतात, आणि पंधरा दिवसांत नुसत्या कोरड्या वाऱ्यानें त्यांचा बेदाणा होतो. कोळसा नाहीं, वीज नाहीं. विद्यार्थ्यानें तें शेड पंपापेक्षांही अधिक वेळ पाहिलें. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यांना सांगा, वाऱ्याची गिरणी आमच्याकडे आधींपासून आहे."

मग त्यानें पंप मोजला. दोनशें लिटरचें पिंप मळ्याच्या वरच्या टाकीपाशीं ठेवलें, हातांत घड्याळ घेतलें. पिंप भरावयास पन्नास सेकंद लागले. म्हणजे सेकंदास चार लिटर. विहिरींतील पाण्यापासून टाकीपर्यंत चढ तीस मीटर. पंप ओढीत असलेली वीज साडेचार किलोवॅट. त्यानें कागदावर गुणाकार-भागाकार केला आणि म्हणाला, "शंभरांतील सव्वीस." विजेच्या शंभर भागांपैकीं सव्वीसच पाणी चढविण्याच्या कामीं येत होते, चौऱ्याहत्तर भाग विहिरींतच उष्णता आणि आवाज होऊन नाहींसे होत होते. परीक्षेंत इतके गुण मिळविणाऱ्या मुलाला मी खालच्या वर्गांत बसवीत असें. कारणें अगदीं सामान्य निघालीं. पाइप अडीच इंचांचा, त्याला चार ठिकाणीं काटकोनांत बांक. तळाशीं असलेल्या फूटव्हॉल्व्हचीं भोंकें लहान व गंजलेलीं. मोटार तीन वेळां जळून पुन्हां गुंडाळलेली. पुतण्याचा चेहरा पडला. पंप जुना आहे हें तो जाणून होता, पण दोष पाइपांत असेल हें त्याच्या मनांत आलें नव्हतें.

वहिनींची हरकत मीं आतां नीट ऐकून घेतली. वर्षभर आम्हीं सर्वांनीं ती कर्जाची भीति समजलों होतों. त्या म्हणाल्या, "ऊन फुकट मिळेल, खरें आहे. पण आतां वीज आठ तास येते आणि जाते, तेवढ्या वेळांत विहीर पुन्हां भरते. हा पंप सकाळीं सुरू झाला कीं संध्याकाळपर्यंत कोण बंद करणार? बिल नाहीं तर हात कशाला आंखडेल? आपली विहीर आटेल आणि शेजारच्यांचीही." माझा विद्यार्थी कांहीं क्षण गप्प राहिला आणि मग म्हणाला, "काकू, हाच प्रश्न आमच्या बैठकींत मोठमोठे लोक विचारतात, आणि त्याचें चांगलें उत्तर अजून कोणाकडे नाहीं."

रात्रीं पुतण्या माझ्याजवळ येऊन बसला. इकडे शेतीची वीज पाळीपाळीनें येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्रीं. रात्रपाळीच्या आठवड्यांत तो दहाला बॅटरी घेऊन जातो आणि सकाळीं परततो. गेल्या मार्गशीर्षांत बांधावर गड्याच्या पायाखालून मण्यार गेला. "काका, हें आईला सांगितलेलें नाहीं," तो म्हणाला. "मला बिल वांचवायचें नाहीं. मला रात्रीं घरीं झोपायचें आहे." वर्षभर या मुलाला मी हौशी समजत होतों, याची मला लाज वाटली.

निवाडा असा दिला. आधीं पाइप आणि फूटव्हॉल्व्ह. त्याला फार खर्च आला नाहीं. तीन इंची पाइप घातला, दोन बांक काढले, उरलेले गोल केले. श्रावणांत पुन्हां पिंप ठेवलें. बत्तीस सेकंदांत भरलें आणि वीज उलट थोडी कमी, म्हणजे ४.२ किलोवॅट लागली. शंभरांतील सव्वीसाचे चव्वेचाळीस झाले. आठ तासांचें भिजवणें पांच तासांवर आलें, म्हणजे रात्रपाळीच्या आठवड्यांतही पुतण्या तीन वाजतां घरीं येऊं शकतो. दिवसा वीज मिळावी म्हणून गांवोगांवच्या शेतीवाहिन्यांस सूर्यशक्तीची वीज देण्याचें सरकारी काम चालू आहे. तें आमच्या वाहिनीपर्यंत केव्हां येईल तेव्हां येवो. तोंवर सूर्याचा पंप घ्यावयाचा, पण पांच अश्वशक्तीचा नव्हे, तीनचाच. चांगला तीनाचा पंप आमच्या जुन्या पांचाच्या पंपाहून अधिक पाणी देतो, हें विद्यार्थ्यानें आंकडे मांडून दाखविलें, आणि कर्जही तेवढें लहान झालें. तो अर्ज बँकेंत पडून आहे.

वहिनींनीं आपली अट घातली ती निराळी. विहिरीच्या आंतल्या बाजूस चुन्यानें आडवी रेघ ओढावयाची. पाणी तिच्याखालीं गेलें कीं पंप बंद, मग ऊन कितीही असो. रेघ कोठें ओढावी यावरून मायलेकांत पुन्हां अर्धा तास वाद झाला. शेवटीं ती वहिनींनीं दाखविलेल्या जागेहून एक हात खालीं ओढली गेली. त्या दिवशीं पाणी तिच्या चार हात वर होतें.